'ऑनेस्ट' आणि 'प्रामाणिक' : 'ऑथेल्लो'च्या भाषांतरातील एक अर्थप्रश्न

इंग्रजीतील 'ऑनेस्ट' हा शब्द मराठी वाचकाच्या इतका परिचयाचा आहे, की त्यासाठी 'प्रामाणिक' हा प्रतिशब्द त्याला विचार न करताच सुचतो. दैनंदिन व्यवहारात तो पुरतोही. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे भाषांतर करू पाहणाऱ्याला मात्र याच शब्दापाशी अडखळावे लागते. विल्यम एम्पसन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (१९५१) या ग्रंथात या नाटकातील 'ऑनेस्ट'ला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. 'ऑनेस्ट' व 'ऑनेस्टी' मिळून नाटकात ५२ वेळा येतात, अशी त्यांची गणना आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर (१८६७), देवलांचे 'झुंझारराव' हे रूपांतर (१८९०) आणि शिरवाडकरांचा 'ऑथेल्लो' (१९६१) अशी या नाटकाची मराठी परंपरा आहे. या संहितांची तुलना करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने मूळ शब्दाचे स्वरूप आधी नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

१. शब्दाचे थर

'ऑनेस्ट'चे मूळ मान, प्रतिष्ठा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. 'ऑनर' हा त्याचा सख्खा भाऊ. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'प्रतिष्ठित', 'मानास पात्र' असा होता. 'खरे बोलणारा, व्यवहारात सचोटीचा' हा आज प्रमुख वाटणारा अर्थ पुढे बळावला. स्त्रीच्या संदर्भात हाच शब्द 'शीलवती' या अर्थाने रूढ झाला. कारण स्त्रीची प्रतिष्ठा तिच्या शीलातच सामावलेली आहे, असे तो समाज मानीत होता. याशिवाय दर्जाने खालच्या माणसाला उद्देशून, किंचित वरून पाहत, 'भला माणूस' अशा अर्थानेही तो वापरला जाई. 'आडपडदा न ठेवणारा, मोकळा गडी' ही छटा एम्पसन यांनी विशेषत्वाने दाखविली आहे. शेक्सपिअरच्या काळी हे सर्व थर एकाच वेळी जिवंत होते.

२. नाटकातील योजना

१६०४ साली रंगभूमीवर आल्याची नोंद असलेल्या या नाटकात इयागोला हे विशेषण जवळजवळ पदवीसारखे चिकटलेले आहे. ऑथेल्लो, कॅसिओ, डेस्डिमोना हे सारेच त्याला 'ऑनेस्ट' म्हणतात. त्यात विश्वास आहे, तसा वरिष्ठांचा कनिष्ठाविषयीचा सौम्य अनुग्रहही आहे. कॅसिओच्या बढतीमुळे डिवचलेल्या इयागोच्या कानांना ही स्तुती कशी लागत असेल, याची कल्पना करता येते. पहिल्याच प्रवेशात तो 'ऑनेस्ट' सेवकांची टवाळी करतो, हे या दृष्टीने सूचक आहे.

तिसऱ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात हाच शब्द हत्यार बनतो. कॅसिओ 'ऑनेस्ट' आहे ना, या ऑथेल्लोच्या प्रश्नाला उत्तर न देता इयागो तो शब्दच प्रश्नार्थक करून परत करतो. प्रश्न पुरुषाच्या सचोटीविषयी असतो. थोड्याच वेळात तो डेस्डिमोनाच्या शीलाविषयीचा होतो. शब्द मात्र तोच राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. डेस्डिमोना निष्कलंक पतिव्रता आहे. पण नेहमीच खरे बोलणारी नाही. पित्याला अंधारात ठेवून तिने विवाह केला आहे, आणि हरवलेल्या रुमालाविषयी विचारले असता ती 'हरवला नाही' असे सांगते. म्हणजे एका अर्थी ती पूर्णपणे 'ऑनेस्ट' आहे, दुसऱ्या अर्थी नाही. ऑथेल्लो तिचे एक असत्य पकडतो आणि त्यावरून तिचे शीलच नाकारतो. या दोन अर्थांमधील अंतर त्याला दिसत नाही, कारण त्याची भाषा त्या दोहोंना एकच नाव देते. अखेरच्या अंकात तो स्वतःच 'ऑनर' आणि 'ऑनेस्टी' शेजारी आणतो, तेव्हा शब्दाचे मूळ कुळ उघडे पडते.

३. मराठीतील पर्याय

मराठीने हे अर्थ वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलेले आहेत. प्रतिष्ठेसाठी 'अब्रूदार', सेवकासाठी 'इमानी', स्त्रीसाठी 'शीलवती' किंवा 'पतिव्रता', अनुग्रहाच्या सुरासाठी 'भला माणूस'. प्रसंगानुसार हे शब्द योजले तर प्रत्येक वाक्य स्वाभाविक होते. पण सचोटीवरून शीलावर होणारी ती अदृश्य घसरण नाहीशी होते. उलट सर्वत्र 'प्रामाणिक' ठेवले तर सूत्र टिकते, परंतु काही ठिकाणी वाक्य अवघडते. तरीही 'पतीशी प्रामाणिक' हा आजचा रूढ प्रयोग दोन्ही अर्थांना सांधणारा दुवा म्हणून भाषांतरकाराच्या उपयोगी पडू शकतो.

'प्रामाणिक'च्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगता येते. हा शब्द 'प्रमाण' या शब्दापासून आलेला आहे. 'प्रमाणावर आधारलेला', 'प्रमाण मानण्याजोगा' हा त्याचा मूळ अर्थ. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली. त्यांतील शब्द म्हणजे आप्ताचे, विश्वसनीय व्यक्तीचे वचन. ऑथेल्लो इयागोकडे प्रत्यक्षाचीच मागणी करतो. त्याला मिळते ते इयागोचे वचन आणि एका रुमालावरून काढलेले अनुमान. रुमाल त्याला प्रत्यक्ष दिसतो, व्यभिचार दिसत नाही. तरीही आपण डोळ्यांनी पाहिले, असे तो मानतो. इयागोला 'प्रामाणिक' ठरविणे म्हणजे त्याच्या वचनाला प्रमाण मानणे. जो आप्त नाही त्याचे वचन प्रमाण ठरते आणि जिचे वचन प्रमाण मानावयास हवे होते ती अप्रमाण ठरते. इंग्रजी शब्द शोकांतिकेचे नाते प्रतिष्ठेशी जोडतो. मराठी शब्द ते पुराव्याशी, ज्ञानाच्या खरेखोटेपणाशी जोडतो. हा अर्थ मूळ शब्दात नाही, पण मूळ नाटकात निश्चितपणे आहे.

४. समारोप

अनेकार्थी शब्दाचे भाषांतर म्हणजे नेमक्या प्रतिशब्दाचा शोध, ही समजूत येथे अपुरी ठरते. एका भाषेने जे अर्थ एकत्र बांधले ते दुसरीने सुटे ठेवलेले असतात, आणि दुसरीने बांधलेले पहिलीत सुटे असतात. म्हणून मराठी 'ऑथेल्लो'चे मूल्यमापन करताना अमुक ठिकाणी कोणता शब्द योजला, एवढेच पाहून भागणार नाही. इयागोची स्तुती आणि डेस्डिमोनावरील आरोप यांना जोडणारा धागा प्रेक्षकाच्या कानी पडतो की नाही, हे पाहावे लागेल. तो पडत नसेल, तर ऑथेल्लो केवळ संशयी नवरा उरतो. तो पडला, तरच एका शब्दावर विसंबल्यामुळे उद्ध्वस्त झालेला माणूस रंगभूमीवर उभा राहतो.