कपाटाच्या रंगाचं एस्टिमेट

‘एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग’ फक्त पूल-इमारतींसाठी नसतं. घरच्या स्वयंपाकघरातली लाकडी कपाटं रंगवायची होती. एका पेंटरचा भाव २,६०० रुपये, दुसऱ्याचा ४,२००. बाबांचा कल अर्थातच स्वस्ताकडे. मी टेप घेतला.

दारं ८, प्रत्येक दीड बाय दोन फूट, म्हणजे ३ चौ. फूट. पण दाराला बाजू दोन! ८ × ६ = ४८; चौकटी आणि कडांचे १२ मिळवून ६०.

प्रायमरचा एक हात, ऑइल पेंटचे दोन. लिटरमागे एका हाताला १०० चौ. फूट धरले (डब्यावरचा आकडा बघून घ्या), तर प्रायमर ०.६ आणि पेंट १.२ लिटर. लांबी, पॉलिश पेपर, टर्पेंटाइन, ब्रश धरून सामान साधारण १,२००.

आता मजुरी, रोज ९०० धरून. फोडणीचा चिकट थर सोड्याच्या पाण्याने धुणं आणि घासणं १ दिवस. प्रत्येक हात रात्रभर वाळवायचा, म्हणून तीन हातांचे तीन अर्धे दिवस. अडीच रोजांचे २,२५०. बेरीज ३,४५०, वरखर्चाचे १० टक्के धरून सुमारे ३,८००.

मग २,६०० कसे? धुण्या-घासण्याचा दिवस वगळा, २,५५० येतात! तेलावर मारलेला रंग काही महिन्यांत पापुद्र्यांनी सुटतो. काम दुसऱ्याला दिलं.

सनमायकाच्या दारांना हे गणित लागू नाही. बाकी दर तुमच्या गावचे घाला. आणि भाव कमी वाटला, तर आधी विचारा, ‘यात घासकाम धरलंय ना?’