खडकाची पारख

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार झालेले रेल्वेचे रूळ देशाच्या कानाकोपऱ्यात जातात. त्यांतील काही सपाट मैदानावर अंथरले जातात, तर काहींच्या वाट्याला डोंगराच्या पोटातील अंधार येतो. पण तेथे रूळ टाकण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: या डोंगराच्या आत आहे तरी काय? कोकण रेल्वे बांधताना या प्रश्नाने अभियंत्यांची कसोटी पाहिली.

रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर लांबीच्या या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब आहे. अशा कामाआधी डोंगरावर ठिकठिकाणी यंत्राने खोल छिद्रे घेतात व आतील खडक लांब कांडीच्या रूपाने बाहेर काढतात. या कांडीचे दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असलेले तुकडेच मोजायचे. एक मीटर छिद्रातून अशा तुकड्यांची बेरीज ८० सेंटिमीटर भरली, तर खडकाची प्रत ८० टक्के, म्हणजे चांगली. ती २५ टक्क्यांहून कमी भरली, तर खडक अगदी भुगाळ समजावा. अमेरिकी अभियंता डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात सुचवलेली ही रीत दिसायला सोपी आहे, पण अतिशय उपयोगी आहे.

तरीही दोन छिद्रांच्या मधला डोंगर अज्ञातच राहतो. शितावरून भाताची परीक्षा होते, खडकाची होत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल, मऊ मातीचा पट्टा दडलेला असतो. वरून त्याचा मागमूसही लागत नाही.

म्हणून खरी पाहणी खोदकामाबरोबरच चालते. सुरुंग उडाला, धूर निघून गेला व छताला लटकणारे सुटे दगड पहारीने पाडले, की भूवैज्ञानिक नव्याने उघड्या पडलेल्या दर्शनी भागापुढे उभा राहतो. तो हातोडीने ठोकतो. खणखणीत आवाज आला तर खडक घट्ट. बद्द आवाज आला तर आत पोकळी किंवा भेग. भेगा किती अंतरावर आहेत, त्या कोणत्या दिशेला कललेल्या आहेत, त्यांत चिकणमाती भरली आहे काय, पाणी ठिबकते की वाहते, हे सारे तो नकाशावर उतरवतो. कलत्या भेगा एकमेकींना छेदत असतील, तर पाचरीसारखा दगड निसटून खाली काम करणाऱ्यांवर कोसळू शकतो. तेथे पोलादी खिळे ठोकायचे, सिमेंटचा फवारा मारायचा की लोखंडी कमानी उभ्या करायच्या, हा निर्णय त्या नोंदीवर अवलंबून असतो आणि तो लवकर घ्यावा लागतो. उघडा पडलेला कमजोर खडक फार काळ तग धरत नाही.

गंमत अशी, की कठीण पाषाणापेक्षा अभियंत्यांना मऊ मातीनेच अधिक जेरीस आणले. गोव्याच्या सीमेवरील पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. पण जांभ्याखालची पाण्याने भिजलेली माती खणावी तितकी ढासळत राही. छत पुनःपुन्हा कोसळले आणि एवढ्याशा अंतराला काही वर्षे लागली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला, तोवर या मातीने सर्वांचा घाम काढला होता.

रूळ पडले म्हणजे पाहणी संपली, असे नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसात याच बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला. जुलै २०२४ मध्ये पुन्हा पाणी शिरले व गाड्या थांबवाव्या लागल्या. २०२० च्या त्या दुर्घटनेनंतर मुंबईहून मडगावला जाणाऱ्या गाड्यांना पुणे, मिरज, लोंढा असा सह्याद्रीपलीकडचा मोठा वळसा घालावा लागला.