प्रत्यारोपणाआधी फुप्फुसाला औषध

रक्त मिळाले की अवयव जगतो, असे आपण धरून चालतो. फुप्फुस-प्रत्यारोपणात मात्र थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते, तीच घडी नाजूक असते.

१९६३ साली अमेरिकेत मिसिसिपी येथे डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसात पहिले फुप्फुस बसवले. रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले यश १९८३ मध्ये टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांना मिळाले.

काढलेले फुप्फुस बर्फात ठेवून नेतात. थंडीने पेशींची भूक मंदावते, थांबत मात्र नाही. ऊर्जा देणारे एटीपी घटते, सोडियम-पोटॅशियमचे पंप सुस्तावतात, पेशी फुगतात आणि एटीपी मोडून उरलेली द्रव्ये साचतात. नवे रक्त आले की त्यांपासून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. ती केशवाहिन्यांचे अस्तर दुखावतात, पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करतात, वाहिन्या झिरपू लागतात आणि वायुकोशांत हवेच्या जागी पाणी भरते. पहिल्या ७२ तासांतला हा मोठा धोका.

मग आधीच अवयवाची तयारी करून घेता येईल का? १९८६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी चार वेळा पाच-पाच मिनिटे बंद केली आणि नंतर सलग ४० मिनिटे. आधी असा 'सराव' झालेल्या हृदयांत इजा इतरांच्या साधारण एक-चतुर्थांशच झाली! हाच परिणाम औषधाने साधणे म्हणजे औषधी पूर्वतयारी.

फुप्फुसाच्या बाबतीत थंड द्रावणाने धुण्यापूर्वी प्रोस्टाग्लँडिन ई-१ देतात. थंडीने वाहिन्या आकसतात. या औषधाने त्या सैलावतात आणि द्रावण कानाकोपऱ्यांत पोहोचते. द्रावणातही पोटॅशियम कमी ठेवतात, कारण जास्त पोटॅशियमनेही वाहिन्या आवळतात. मेंदूमृत्यूमुळेच शरीरात दाह भडकतो, म्हणून दात्याला स्टिरॉइडही देतात. कागदावर पटणारे प्रत्येक औषध मात्र कामी येत नाही. रुग्णांना श्वासातून नायट्रिक ऑक्साइड देऊन चाचणी झाली, तिच्यात ही इजा टळल्याचे दिसले नाही.

शिवाय दात्याला दिलेले औषध त्याच्या यकृतात, मूत्रपिंडांतही जाते, आणि ते अवयव दुसऱ्याच रुग्णांची वाट पाहत असतात! तेव्हा फुप्फुसाला बरे ते मूत्रपिंडाला बाधणारे चालणार नाही. ही अडचण सोडवण्याची वाट स्वीडनमधील लुंड येथे डॉ. स्टिग स्टेन यांच्या कामाने खुली झाली. त्यांनी शरीराबाहेर, शरीराच्याच तापमानात द्रव फिरवून तपासलेले फुप्फुस २००० साली रुग्णात बसवले. पुढे टोरांटोच्या चमूने ही पद्धत काही तास चालेल अशी केली आणि २०११ मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिरत्या द्रवात औषध घातले, तर ते फक्त त्या फुप्फुसालाच मिळते. परिणाम काय झाला, हे शस्त्रक्रियेआधीच मोजता येते. फुप्फुस सुधारले नाही, तर ते रुग्णात न बसवण्याची मोकळीकही राहते.