जिमला पायऱ्या, बाहेर ऊन, व्यायाम कसा?

प्रश्न : अपघातात मज्जारज्जूला इजा झाल्यापासून भाऊ व्हीलचेअरवर आहे. जिमला पायऱ्या, बाहेर रणरणतं ऊन. व्यायाम कसा करावा? — एक वाचक, मनमाड

उत्तर : जिमवाचून काही अडत नाही. आठवड्यातून दोनदा, किमान 20 मिनिटे, धाप लागेल इतपत व्हीलचेअर चालवावी. तसेच आठवड्यातून दोनदा, व्हीलचेअरचे ब्रेक लावून, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढावा. 8 ते 10 वेळा, तीन फेऱ्या. खांदा दुखल्यास थांबावे. इजेखालच्या भागात घाम कमी येतो, अंग लवकर तापते. म्हणून सकाळची वेळ गाठावी, मानेवर ओला पंचा ठेवावा. भावाला उमेद द्यायला हे उदाहरण सांगा : 1965च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972मध्ये पॅरालिम्पिकच्या जलतरणात सुवर्ण जिंकले. सुरुवातीला मात्र फिजिओथेरपिस्टचा सल्ला जरूर घ्या.