मोटारीचा गारवा आणि अर्धा मिलिमीटर

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांच्या घरात जातो. या दिवसांत मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी घरून निघताना गाडीतला एसी उत्तम चालतो. दुपारी कात्रजच्या घाटात किंवा स्वारगेटच्या चौकात गाड्यांच्या रांगेत अर्धा तास अडकून पडले, की गार वाऱ्याऐवजी कोमट वारा येऊ लागतो. संध्याकाळी गाडी निवली, की एसी पुन्हा ठणठणीत! अशा वेळी "गॅस भरून घ्या" असा सल्ला पुष्कळदा मिळतो. पण गॅस गळून गेला असता, तर तो संध्याकाळी आपण होऊन परत कसा आला असता? मग बिघडले तरी काय? शाळेत शिकलेला विद्युत्‌चुंबक आणि ओहमचा नियम आठवला, तर हे कोडे आपल्याला सोडवता येते.

प्रथम या यंत्रणेची थोडक्यात ओळख करून घेऊ. द्रवाचे बाष्प होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, हे आपल्याला माठातल्या पाण्यावरून ठाऊक आहे. एसीमध्ये हेच काम शीतक वायू करतो. कॉम्प्रेसर, म्हणजे संपीडक, या वायूला दाबतो. दाबलेला गरम वायू गाडीच्या पुढच्या जाळीत निवतो व द्रवरूप होतो. मग तो बारीक छिद्रातून कमी दाबाच्या नळ्यांत येतो, तेथे त्याचे बाष्प होते आणि गाडीतील हवा गार होते. बाष्प पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते व चक्र चालू राहते.

कॉम्प्रेसर फिरवण्यासाठी लागणारी शक्ती इंजिनाकडून रबरी पट्ट्याने येते. पण इंजिन चालू असेपर्यंत पट्टा फिरतच राहणार आणि गारवा तर सतत नको असतो. यावर तोड काय? १९३९ साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने मोटारीत वातानुकूलन आणले, तेव्हा त्यात क्लच नव्हता. गारवा बंद करायचा, तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून पट्टा हाताने काढून ठेवावा लागे! पुढे ही अडचण विद्युत्‌चुंबकी क्लचने दूर केली.

या क्लचचे मुख्य भाग तीन. पहिला भाग म्हणजे पुली. ती बेअरिंगवर बसवलेली असते आणि इंजिनाबरोबर नेहमी फिरते, मग एसी चालू असो वा बंद. दुसरा भाग म्हणजे पुलीच्या मागे पक्की बसवलेली तांब्याच्या तारेची कॉइल. तिसरा भाग म्हणजे पुलीच्या पुढची लोखंडी क्लच प्लेट. ही प्लेट कॉम्प्रेसरच्या दांड्याला जोडलेली असते. एसी बंद असताना चपट्या स्प्रिंगा प्लेटला पुलीपासून किंचित दूर धरून ठेवतात. एसी चालू केला, की कॉइलमधून विद्युत्‌प्रवाह वाहतो, पुलीचे लोखंड चुंबक बनते आणि 'टक्' आवाज करून प्लेट पुलीला चिकटते. आता पुलीबरोबर प्लेट आणि प्लेटबरोबर कॉम्प्रेसर फिरू लागतो. गाडी पुरेशी गार झाली, की तापनियंत्रक प्रवाह तोडतो, स्प्रिंगा प्लेटला मागे ओढतात आणि कॉम्प्रेसर थांबतो. एका प्रवासात ही 'टक्-टक्' कितीतरी वेळा होते.

प्लेट आणि पुली यांच्यातील फट बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पाच-सहा पानांच्या जाडीएवढी असते. नेमका आकडा त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. प्रत्येक वेळी चिकटताना दोन्ही पृष्ठभाग किंचित घासले जातात आणि काही वर्षांत ही फट रुंदावते.

आता थोडे गणित करू. समजा, २० अंश तापमानाला कॉइलचा रोध ३.६ ओहम आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तिच्यातून १२ ÷ ३.६ = ३.३ अँपिअर प्रवाह वाहील. पण तांबे तापले की त्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. रांगेत उभ्या गाडीच्या बॉनेटखाली हवा खेळत नाही. इंजिनाची उष्णता आणि कॉइलची स्वतःची उष्णता मिळून तिचे तापमान १०० अंशांवर गेले, तर रोध सुमारे ४.७ ओहम होईल. प्रवाह २.५ अँपिअरवर येईल, म्हणजे पहिल्याच्या ७६ टक्के. चुंबकाची ओढ ही ढोबळ मानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ओढ उरली ०.७६ × ०.७६, म्हणजे सुमारे ५८ टक्के.

आता फटीचा विचार करू. ओढ ही ढोबळ मानाने फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. फट ०.५ मिलिमीटरवरून ०.८ मिलिमीटर झाली, तर ओढ सुमारे ३९ टक्के उरते. नव्या क्लचमध्ये ओढ गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. त्यामुळे नुसती उष्णता किंवा नुसती वाढलेली फट एक वेळ चालून जाते. पण दोन्ही एकत्र आल्या, की ०.५८ × ०.३९, म्हणजे जेमतेम २३ टक्के ओढ उरते. स्प्रिंगांपुढे चुंबक हरतो! एकदा चिकटलेली प्लेट मात्र सहसा सुटत नाही, कारण चिकटल्यावर फट जवळजवळ शून्य होते. म्हणून तापनियंत्रकाने प्रवाह तोडून पुन्हा जोडला, की त्या वेळी प्लेट ओढली जात नाही आणि गारवा बंद पडतो. संध्याकाळी कॉइल निवते, रोध कमी होतो आणि क्लच पुन्हा काम करू लागतो. कोडे सुटले!

मग दुरुस्ती कशी करतात? चांगला कारागीर आधी तपास करतो. फ्यूज आणि रिले ठीक आहेत का? गॅस खरोखर कमी असेल, तर दाबदर्शक स्विच क्लचला वीजच मिळू देत नाही. अशा वेळी क्लच बदलून काही उपयोग नाही. वीज पोहोचत असेल, तर मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजतात. मग इंजिन बंद करून फीलर गेजच्या पातळ पत्र्यांनी फट तीन ठिकाणी मोजतात. फटच वाढलेली असेल, तर इंजिन निवल्यावर मधला बोल्ट सोडवून प्लेट काढतात. तिच्यामागे 'शिम' नावाच्या पातळ चकत्या असतात. त्यातली एक काढली, की प्लेट पुलीजवळ सरकते. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

कॉइल जळाली असेल, प्लेट तापून निळी पडली असेल किंवा बेअरिंग घरघरत असेल, तर मात्र क्लच बदलावा लागतो. नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात हे भाग मिळतात. बॅटरीची ऋण तार आणि पट्टा काढल्यावर प्लेट काढतात. मग सर्क्लिप काढून पुलरने पुली ओढून घेतात आणि शेवटी कॉइल सोडवतात. नवी कॉइल तिच्या खाचेत नीट बसली पाहिजे. पुली हातोडीने ठोकून बसवू नये, बेअरिंग खराब होते. सारे जोडल्यावर फट पुन्हा मोजतात आणि मग एसी दहा-वीस वेळा चालू-बंद करून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी जुळवून घेतात.

बेअरिंगकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. ते जाम झाले, तर पट्टा तुटू शकतो. पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि कधी पाण्याचा पंपही चालतो. म्हणजे एसीच्या दुखण्याने सगळी गाडीच रस्त्यात उभी!

या दुरुस्तीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की क्लच कॉम्प्रेसरच्या बाहेर असतो. गाडीत हात घालण्याइतकी जागा असेल, तर वायूच्या नळ्या मुळीच उघडाव्या लागत नाहीत. कारण न शोधता उगाच संपूर्ण कॉम्प्रेसर बदलला, तर पैसे जातातच, शिवाय निष्काळजीपणे नळ्या उघडल्या तर वायू हवेत मिसळतो. पूर्वीचा आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर हळूहळू बंद झाला. भारत १९९२ साली या करारात सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण वजनास वजन धरले तर तो शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या १,३०० पटींहून अधिक तापवृद्धी करतो. म्हणून वायू हवेत न सोडता यंत्राने काढून साठवणे हेच योग्य.

काही नव्या मोटारींत असा क्लच नसतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते. तेथील नारिंगी तारांत जीवघेणा विद्युत्‌दाब असतो, त्यांना हात लावू नये.

करून पाहा : मोठ्या खिळ्यावर रोधक वेष्टन असलेल्या तांब्याच्या तारेचे शंभर वेढे गुंडाळा आणि टॉर्चचा सेल जोडा. खिळ्याच्या टोकावर कागदाचा एक तुकडा धरून टाचणी उचलली जाते का ते पाहा. मग दोन, तीन, चार असे कागद वाढवत जा आणि किती कागदांना टाचणी पडते ते वहीत टिपून ठेवा. सेल काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोडू नका, तार तापते.

विचार करा : (१) वरच्या उदाहरणात शिम काढून फट पुन्हा ०.५ मिलिमीटर केली, तर १०० अंशांना ओढ किती टक्के राहील? (२) एसी कधीच न लावणाऱ्या गाडीतही क्लचचे बेअरिंग का झिजते? (३) बॅटरी अशक्त असेल, तर हा दोष लवकर दिसेल की उशिरा?