सूर्यफुलाची पेरणी : हंगामाचा हिशेब

बी. कॉम., द्वितीय वर्ष

सूर्यफूल हे आपल्याकडचे जुने पीक नव्हे. १९६९ च्या सुमारास रशियातून आणलेल्या वाणांपासून तेलबिया म्हणून त्याची लागवड भारतात सुरू झाली आणि १९८० मध्ये बेंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा बी.एस.एच.-१ हा संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. ज्वारी-हरभऱ्याप्रमाणे या पिकामागे पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव नाही. त्यामुळे ते केव्हा पेरावे याविषयी गावोगाव मतभेद ऐकू येतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शेतीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु अथणी तालुक्यातील आमच्या शेतीच्या जमाखर्चाची वही मी लिहितो आणि त्या वहीतील नफा-तोटा पुष्कळदा पेरणीच्या तारखेनेच ठरतो, असे मला दिसून आले आहे.

बारमाही म्हणजे काय?

काही पिकांना फुलोऱ्यासाठी दिवस लहान किंवा मोठा होण्याची वाट पाहावी लागते. सूर्यफुलाला ते बंधन फारसे नाही. म्हणून ते खरीप, रब्बी व उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत घेता येते. यावरून ‘केव्हाही पेरा’ असा अर्थ काढणे मात्र धोक्याचे आहे. झाड कोणत्याही हंगामात वाढते, पण दाणा कोणत्याही हंगामात भरत नाही.

याचे कारण कणसाच्या रचनेत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, त्यात शेकडो लहान फुले असतात. ती कडेकडून मध्याकडे, आठ-दहा दिवसांत उमलतात. त्यांचे परागीभवन मुख्यतः मधमाश्यांवर अवलंबून असते. पुढे सुमारे महिनाभर दाणा भरतो. म्हणजे नव्वद-शंभर दिवसांच्या पिकाचे भवितव्य शेवटच्या चाळीस दिवसांच्या हवामानावर ठरते. त्या काळात स्वच्छ ऊन, माफक उष्णता आणि जमिनीत ओल, या तिन्ही गोष्टी हव्यात.

तीन हंगाम

आमच्या भागात मृगाचा पाऊस पेरणीपुरता येतो, पुढे बहुधा ओढ देतो आणि सप्टेंबरमध्ये जोराने पडतो. जूनच्या आरंभी पेरलेले पीक ऑगस्टमध्ये फुलते, तेव्हा ओल अपुरी पडण्याची भीती असते. काढणीच्या वेळी पाऊस लागला, तर कणसे कुजतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेले पीक नेमके सप्टेंबरच्या पावसात फुलोऱ्यावर येते. पावसाने पराग धुऊन जातो, मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत आणि दमट हवेत पानांवर करपा पसरतो. कणीस परातीएवढे दिसते, पण चोळून पाहिले तर मधले दाणे पोचट! एका वर्षी खत वेळेवर न मिळाल्याने आमची पेरणी अशीच लांबली होती. त्या वर्षी पोती मोजून भरली, पण काट्यावर वजन उतरले नाही आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता दूध विकून भरावा लागला.

रब्बीसाठी उत्तरा-हस्ताच्या पावसानंतर वाफसा येताच पेरणी करतात. फुलोरा नोव्हेंबरात येतो. आकाश निरभ्र असते, मधमाश्या भरपूर असतात. काळ्या खोल जमिनीतील ओल सूर्यफुलाचे सोटमूळ खालून घेते. हलक्या जमिनीत मात्र फुलोऱ्याच्या वेळी एखादे पाणी द्यावेच लागते. थंडीने पीक काही दिवस लांबते आणि पुढे भुरी रोगही दिसतो.

उन्हाळी पीक कृष्णाकाठच्या बागायतीत, पाण्याची खात्री असेल तरच घ्यावे. जानेवारीत पेरल्यास मार्चमध्ये फुलते. पेरणी फेब्रुवारीअखेर गेली, तर दाणा भरण्याचा काळ कडक उन्हात सापडतो. तापमान ३८ अंशांच्या वर गेले की दाणे हलके राहतात व तेलाचे प्रमाण घटते. शिवारात एकटेच हिरवे असलेले शेत पोपटांनाही लगेच दिसते.

उलटा हिशेब

हुंडीची मुदत पाहून व्यापारी रकमेची तजवीज करतो. तसाच हिशेब येथे करावा. फुलोरा कोणत्या पंधरवड्यात हवा ते आधी ठरवावे आणि तेथून सुमारे साठ दिवस मागे मोजून पेरणी करावी.

या हिशेबाची किंमत केवढी? २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने सूर्यफुलास क्विंटलला ७,७२१ रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. समजा, अवेळी फुलोऱ्यामुळे एकरी दोन क्विंटल दाणा कमी झाला, तर या दराने १५,४४२ रुपये गेले. बी, खत, नांगरट व मजुरी यांवरील खर्च तर आधीच होऊन गेलेला असतो. म्हणून ही सारी घट सरळ नफ्यातून वजा होते.

तरीही फुलोरा पावसात सापडलाच, तर दोन उपाय आहेत. उघडीप मिळताच सकाळच्या वेळी हाताला तलम कापड गुंडाळून कणसांवरून हलकेच फिरवावे. शेताजवळ मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात आणि फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये.

आमच्या शेजारचे कन्नडभाषक अण्णा खरिपाला ‘मुंगारु’ आणि रब्बीला ‘हिंगारु’ म्हणतात. त्यांचे सूर्यफूल नेहमी हिंगारुचे असते. भाषा वेगळी असली, तरी बांधाच्या दोन्ही बाजूंना पाऊस एकच पडतो. सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी, मग ते मराठी विभागाचे वाचक असोत की कन्नड विभागाचे, घरच्या वहीत खर्चाबरोबर पेरणीची, फुलोऱ्याची आणि पावसाची तारीखही लिहून ठेवावी. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर पुढच्या पेरणीचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.