कॉम्प्युटर घरघरतोय? आधी चोर पकडा, मग पार्ट बदला



कॉम्प्युटर सर्व्हिसिंगचा छोटा धंदा सुरू करायचा विचार करताय? मग एक तक्रार तुमच्या काउंटरवर नक्की येणार: "मशीन चालतंय व्यवस्थित, पण आवाज फार करतंय हो." बरेच नवीन टेक्निशियन ही तक्रार हलक्यात घेतात. फॅन बदलतात, बिल करतात, मोकळे होतात. चार दिवसांनी कस्टमर परत दारात, कारण आवाज तसाच. याला आपल्याकडे म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

व्हिडिओमध्ये मी हे काम करून दाखवलं आहे. इथे तोच क्रम लिहून देतोय, म्हणजे दुकानात भिंतीवर लावून ठेवता येईल.

आधी हे समजून घ्या: आवाजाची साखळी

व्हायब्रेशनच्या आवाजात तीन कड्या असतात.

१. थरथर निर्माण करणारा: फिरणारी वस्तू. डेस्कटॉपमध्ये सहसा हार्ड डिस्क, फॅन आणि डीव्हीडी ड्राइव्ह.
२. थरथर पोचवणारा: स्क्रू, हार्ड डिस्कचा पिंजरा, कॅबिनेटचा सांगाडा.
३. आवाज मोठा करणारा: कॅबिनेटचा पातळ पत्रा, नाहीतर खालचं टेबल.

एक हिशोब करू. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यात किंचित जरी असमतोल असला तरी कॅबिनेटला सेकंदाला १२० बारीक धक्के बसतात. पत्रा सैल असेल तर तो त्याच तालावर वाजायला लागतो. मृदंगाचं जसं असतं तसंच: थाप बोटाची, पण घुमतं ते कातडं.

म्हणून जिथून आवाज ऐकू येतो तिथेच दोष असेल असं नाही. आणि गंमत म्हणजे, तीनपैकी कुठलीही एक कडी तोडली की आवाज थांबतो. पण धोकाही इथेच आहे. पत्र्याखाली रबर लावून आवाज बंद केला आणि आत हार्ड डिस्क मरायला टेकली असेल, तर तुम्ही आजार बरा केला नाही, आजाराची सूचना बंद केली. महिन्याभरात कस्टमरचा सगळा टॅली डेटा गेला, तर तो तुमचंच नाव घेणार.

आजच्या धड्याचा नियम लिहून घ्या: आवाज शेवटच्या कडीला बंद करा, पण पहिली कडी तपासल्याशिवाय नाही.

पायरी १: स्क्रूड्रायव्हर बाजूला, आधी प्रश्न

- आवाज मशीन चालू केल्याबरोबर येतो, की तासाभराने?
- सतत येतो, की थांबून थांबून?
- मोठी फाइल उघडताना वाढतो का?
- अलीकडे मशीन हलवलं, साफ केलं, टेबल बदललं का?

शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. "हो, ऑफिस शिफ्ट केलं" असं उत्तर आलं तर निम्मं काम झालं. शक्य असेल तर मशीन कस्टमरच्या जागेवरच ऐका. तुमच्या दुकानातल्या जड लाकडी टेबलावर जे मशीन गप्प बसतं, तेच त्यांच्या पत्र्याच्या टेबलावर भुणभुणतं.

पायरी २: न उघडता पाच मिनिटं

मशीन चालू ठेवा आणि हे करा.

बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबा. आवाज थांबला तर पत्रा घुमतोय. मग एकेक बाजू, वरचा भाग, पुढचं प्लॅस्टिकचं तोंड, सगळीकडे हात ठेवून बघा.

डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर काढून बघा. आत डिस्क विसरलेली असेल तर मशीन चालू होताना ती जोरात फिरते. हसू नका, असं होतं.

मग मशीन बंद करा, हार्ड डिस्क पूर्ण थांबायला अर्धा मिनिट द्या, कॅबिनेटखाली जाड पुठ्ठा किंवा घडी केलेलं गोणपाट ठेवा आणि पुन्हा चालू करा. आवाज कमी झाला तर टेबल घुमत होतं. कॅबिनेटचे चारही पाय तपासा, एखाद्याचं रबर पडलेलं असतं. चालू मशीन उचलायचं किंवा सरकवायचं मात्र नाही. फिरत्या हार्ड डिस्कला धक्का सोसत नाही.

पायरी ३: उघडण्याआधी डेटा

मशीनमध्ये हार्ड डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवा. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती इथे दिसते. 'रीअलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळी बघा. तिथे शून्याच्या पुढे आकडा असेल, तर आवाज राहू द्या बाजूला, आधी कस्टमरला फोन करून बॅकअपचं बोला.

उलट बाजूही लक्षात ठेवा. रिपोर्ट चांगला आला म्हणजे डिस्कची हमी मिळाली असं नाही. 'टक्... टक्... टक्' असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, तर रिपोर्ट काहीही असो, मशीन जास्त चालवू नका. डेटा महत्त्वाचा असेल तर स्वतः प्रयोग करण्यापेक्षा डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा, आणि तसं कस्टमरला स्पष्ट सांगा.

पायरी ४: उघडा आणि एकेकाला बाजूला काढा

इथे एकच शिस्त: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर कशामुळे गेला ते कळत नाही. मग बिल कशाचं लावणार?

प्रत्येक वेळी मशीन बंद करायचं, मेन स्विच बंद करायचा, वायर काढायची, मग हात घालायचा.

कॅबिनेटचे फॅन: एका फॅनचा कनेक्टर काढा, मशीन चालू करा, मिनिटभर ऐका. मग तो लावून दुसऱ्याचा काढा. दोन फॅनचा वेग थोडासा वेगळा असेल तर आवाज लाटांसारखा येतो: 'वूंऽऽ वूंऽऽ'. समजा एक १२०० आणि दुसरा १२३० आरपीएमवर आहे. मिनिटाला ३० फेऱ्यांचा फरक, म्हणून साधारण दर दोन सेकंदांनी आवाज चढतो आणि उतरतो. कुठलाही एक काढला की लाट थांबते. अशा वेळी दोन्ही फॅन चांगले असू शकतात.

हार्ड डिस्क: दोन्ही केबल काढून मशीन चालू करा. विंडोज सुरू होणार नाही, पण आवाज ऐकायला बायोसची स्क्रीन पुरते. आवाज गेला तर धागा सापडला. आता मशीन बंद करून डिस्क पिंजऱ्यातून काढा, कोरड्या पुठ्ठ्यावर सपाट ठेवा, सर्किटची बाजू कुठल्याही धातूला लागणार नाही असं बघा, केबल जोडा आणि दोन मिनिटं चालवा. आता शांत असेल तर दोष बसवण्यात आहे. आताही घरघरत असेल तर दोष डिस्कमध्ये आहे.

प्रोसेसरचा फॅन: याचा कनेक्टर काढून मशीन चालवू नका. बायोसमध्ये वेग कमीजास्त करून आवाज बदलतो का ते बघा. कूलरच्या चारही पिना नीट बसल्यात का, तेही तपासा. एक सुटलेली पिन आवाजही करते आणि प्रोसेसरही तापवते.

एसएमपीएस: कान लावून ऐका, पण उघडू नका. वायर काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. फॅनच्या चार पैशांसाठी जीव धोक्यात घालायचा नाही. पूर्ण युनिट बदला.

आणि एक आवाज या यादीत बसत नाही: गेम किंवा भारी काम सुरू झालं की येणारी बारीक, उंच 'चीऽऽ'. ती ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएसमधल्या कॉइलची असते. स्क्रू आवळून ती जाणार नाही. कस्टमरला खरं सांगा.

पायरी ५: उपाय, स्वस्तापासून महागाकडे

- पत्रा: स्क्रू एकसारखे आवळा. तरी वाजत असेल तर कडेला पातळ फोमची पट्टी चिकटवा. हवेची भोकं बुजवू नका.
- हार्ड डिस्क: चारही स्क्रू आहेत का ते मोजा. बऱ्याचदा दोनच सापडतात. मोठ्या ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, डीव्हीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचे. चुकीचा स्क्रू दाबून बसवला तर आटे जातात. दोन डब्या वेगळ्या ठेवा. पिंजऱ्यात सोय असेल तर रबर वॉशर घाला.
- फॅन: पात्यांवर धूळ कमीजास्त बसली की तोल जातो. ब्रशने साफ करा. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरजेपेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. स्क्रूऐवजी रबराच्या पिना लावल्या तर थरथर पत्र्यापर्यंत पोचत नाही. बेअरिंग सुकलं असेल तर तेलाचा थेंब काही दिवस काढतो, पण कायमचा उपाय नवा फॅन. घेताना आधी माप बघा, ८० मिमी की १२० मिमी.
- वेग: तीन पिनचा फॅन बायोसमध्ये 'डीसी' मोडवर आणि चार पिनचा 'पीडब्ल्यूएम'वर हवा. तीन पिनचा फॅन 'पीडब्ल्यूएम'वर राहिला तर तो पूर्ण वेगाने पळतो.
- एसएसडी: हिच्यात फिरणारा भागच नाही. जुन्या डिस्कची तब्येत खालावली असेल तर हा खरा उपाय आहे. डिस्क चांगली असेल तर पर्याय म्हणून सांगा, गळ्यात मारू नका.

आता धंद्याचं गणित

वर वाचलंत, बहुतेक उपाय पाच-पन्नास रुपयांत होतात. मग कमवायचं काय? नवीन लोकांची गाडी इथेच अडते. "एक स्क्रू तर आवळला, पैसे कसे मागू?" म्हणून ते फॅन विकतात.

कस्टमर स्क्रूचे पैसे देत नाही. कुठला स्क्रू, हे शोधल्याचे देतो. म्हणून तपासणीचा चार्ज वेगळा ठेवा, तो मशीन हातात घेण्याआधी सांगा आणि बोर्डवर लिहा. माझ्या दुकानात तो २५० रुपये आहे. पार्ट लागला तर त्याचे पैसे वेगळे, नाही लागला तर तेवढंच बिल.

आणि जॉब कार्डवर पाच ओळी लिहा: तक्रार काय, आवाज कुठून येत होता, कारण काय, काय केलं, हार्ड डिस्कची तब्येत कशी. आधीचा आणि नंतरचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून कस्टमरला ऐकवा. डिस्क धोक्यात असेल आणि कस्टमर म्हणाला "राहू दे, नंतर बघू", तर तेही लिहून सही घ्या. पुढे वाद झाला तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो. आठवड्याने एक फोन करा: "दादा, आवाज परत आला का?" या फोनला खर्च नाही, पण पुढचं गिऱ्हाईक इथूनच येतं.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातलं किंवा ओळखीच्या ऑफिसमधलं एक जुनं मशीन निवडा. काहीही विकत न आणता पहिल्या तीन पायऱ्या करा आणि पाच ओळींचं जॉब कार्ड भरा. मग मालकाला त्याच्या भाषेत समजावून सांगा, 'बेअरिंग', 'सेक्टर' असले शब्द न वापरता. त्याला कळलं, तर समजा तुम्ही पैसे मागायला तयार झालात.